गिनीला नावं ठेवता, मग सरासरीत काय दिसतं?

तळरेषा: गिनी गुणांक (उत्पन्नातली विषमता 0 ते 1 मध्ये सांगणारा आकडा) हा प्राध्यापकांचा खेळ आहे, सामान्यांना दरडोई उत्पन्न पुरे, असं काल एकाने लिहिलं. वाचून राहवलं नाही. तीन माणसं घ्या, उत्पन्न 10, 20 आणि 90. सरासरी 40, आणि 40 मिळवणारा त्यांत कोणीच नाही! आता तिघांची उत्पन्नं तीन चिठ्ठ्यांवर लिहून पेटीत टाका. एक चिठ्ठी काढा, परत टाका, दुसरी काढा आणि दोन्हींतलं कमी उत्पन्न लिहून ठेवा. असं करत राहिलात तर त्या आकड्यांची सरासरी 22.2 येते. गिनी इथे 0.444 आहे, 40 ला (1 − गिनी) ने गुणलं तरी तेच 22.2. अमर्त्य सेन यांनी 1976 मध्ये कल्याणाचं माप म्हणून हेच मांडलं. यात न कळण्यासारखं काय आहे?

वक्ररेषा: दरडोईवाल्याची बाजू मी घेत नाही, पण गिनीची आरती नको. 90 वाल्याचा 1 काढून 20 वाल्याला द्या, किंवा 20 वाल्याचा 1 काढून 10 वाल्याला द्या. गिनी दोन्ही वेळा तेवढाच घटतो! त्याला फक्त क्रमांक दिसतात. उपाशी माणसाला हे कोण समजावणार?

तळरेषा: मग दोनऐवजी तीन चिठ्ठ्या काढा, दर वेळी परत टाकून. किमान उत्पन्नाची सरासरी 15.6 वर येते, आणि 20 वाल्याकडून 10 वाल्याला दिलेल्या 1 चं मोल 90 वाल्याकडून 20 वाल्याला दिलेल्या 1 च्या दुप्पट होतं. डोनाल्डसन आणि वेमार्क या अर्थशास्त्रज्ञांनी हे 1980 मध्येच मांडलंय. चिठ्ठ्या वाढवत गेलं की शेवटी फक्त सर्वांत गरिबाचं उत्पन्न मोजलं जातं. किती चिठ्ठ्या काढायच्या हे ज्याने त्याने उघडपणे सांगावं.

दारोदार: पेटीत सगळ्यांच्या चिठ्ठ्या आहेत का, ते आधी बघा. मी उत्पन्न-पाहणीत घरोघर हिंडलोय. मोठ्या बंगल्याचं फाटकच उघडत नाही. रखवालदार म्हणतो, साहेब नाहीत. उघडलंच तर साहेब सांगतील तो आकडा लिहायचा.

वक्ररेषा: म्हणून तर करविवरणपत्रं जोडायला हवीत.

पगारदार: विवरणपत्रांत खरं उत्पन्न असतं? माझा कर पगार हातात पडण्याआधीच कापला जातो. ज्यांच्याकडे रोख येते त्यांचं विचारा!

वक्ररेषा: तुमचा राग कळतो, पण म्हणून कागदच बघायचे नाहीत का?

पगारदार: बघा की. फक्त त्याला सत्य म्हणू नका.

तळरेषा: विषय भलतीकडे चाललाय. 90 वाल्याने 60 च सांगितले, तर सरासरी 10 ने पडते आणि तीन चिठ्ठ्यांचं माप जेमतेम 1.1 ने. वरच्यांच्या खोटेपणाला ते बधत नाही.

दारोदार: आणि 10 वालाच सुटला तर? पुलाखाली झोपणाऱ्याला दारच नाही, मी ठोठावू काय? त्याला वगळून मांडा तुमचं गणित.

तळरेषा: 15.6 चे 28.75 होतात. हे खोडता येत नाही. पण तो दोष पाहणीचा आहे, मापाचा नाही. त्याला वगळलं तर सरासरीही 55 होते.

वक्ररेषा: ठीक, कल्याणापुरतं तुमचं माप चालेल. विषमता विचाराल, तर वरच्या 10 टक्क्यांना किती मिळालं आणि खालच्या 40 टक्क्यांना किती, हेच मी आधी मागणार.