मदत हवी आहे : १० चाकी ट्रकच्या फिटनेसमध्ये मागच्या ब्रेकचा घोळ

नमस्कार मंडळी. गाडी एमएच ४० (नागपूर ग्रामीण) पासिंगची, २८.५ टनी, वय ९ वर्षे. आठ वर्षांनंतर फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची आरटीओची तपासणी) दरवर्षी करावा लागतो, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार.

रोलरवर (चाकं फिरवून ब्रेकचा जोर मोजणारं यंत्र) मागच्या एक्सलला डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकमध्ये बराच फरक दाखवतोय. हब सील (चाकाच्या हबमधलं ग्रीस अडवणारी रिंग) कोरडं आहे, म्हणजे लायनरला (ड्रमवर घासणारं ब्रेकचं अस्तर) ग्रीस लागलेलं नाही. दोन्ही स्लॅक अॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारे) सारखे कसलेत, ब्रेक चेंबरमधले हवेचे रबरी डायफ्रामही नवे. उरला ड्रम. तो ओव्हल असेल तर रीडिंग एका फेरीत वरखाली व्हायला हवं, पण इथं एका चाकाचं सलग कमीच येतंय. एस-कॅमचे (लायनर ड्रमवर दाबणारा एस आकाराचा दांडा) बुश झिजल्यानं असं होतं का? की नुसतं लायनर चकाकलंय?

दुसरं, गाडी रिकामी तपासतात. लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकची हवा कमी-जास्त करणारा) रिकाम्या गाडीला हवा कमीच सोडतो. पण हवा दोन्ही बाजूंना सारखीच कमी होते, म्हणून फरकाचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. त्याची दांडी बांधून ठेवायचा सल्ला मिळतोय. तो कृपया देऊ नका, रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात लॉक होतील.

नागपुरात वाडी, कळमना किंवा बुटीबोरीकडे एस-कॅम बुश बसवून ड्रम लेथवर मारून देणारं खात्रीचं गॅरेज कोणतं? ड्रमवर कमाल व्यासाची खूण असते, ती बघूनच कापणारा हवा.

फिटनेस संपायच्या आत काम व्हायला हवं, तेव्हा लवकर सांगा राजेहो.