मदत हवी आहे: सिंगापूरहून पुण्यात परततोय, मुलीच्या स्पर्धात्मक पोहण्याची सुरुवात कुठून करायची?

नमस्कार मंडळी,

येत्या एप्रिलमध्ये आम्ही कायमचे पुण्याला परततोय. लेक तेरा वर्षांची, पासपोर्ट भारतीय. इथल्या क्लबकडून २०० मीटर बटरफ्लाय आणि ४०० मीटर वैयक्तिक मिडले (एकाच शर्यतीत पोहण्याचे चारही प्रकार) पोहते. २०२५ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा अहमदाबादला झाली, तेव्हापासून तिला भारतासाठी पोहायचं वेड लागलंय.

सिंगापूरची घडी सुटसुटीत आहे. देश एका शहराएवढा, म्हणून क्लब थेट सिंगापूर अ‍ॅक्वाटिक्सशी, म्हणजे इथल्या राष्ट्रीय जलतरण संघटनेशी जोडलेले. मधे ना जिल्हा, ना राज्य. ठरलेलं टायमिंग आलं की मार्चच्या राष्ट्रीय वयोगट स्पर्धेत उतरता येतं.

भारतात मात्र दोन वाटा दिसतात. एक शालेय क्रीडा स्पर्धांची: जिल्हा, विभाग, राज्य आणि मग स्कूल गेम्स फेडरेशनची राष्ट्रीय, गट १४, १७, १९ वर्षांखालील. दुसरी संघटनेची: राज्य संघटनेची निवड स्पर्धा, त्यातून ज्युनिअर नॅशनल, म्हणजे महासंघाची राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा. आशियाई वयोगट स्पर्धेचा संघ भारतीय जलतरण महासंघ निवडतो, कारण एशिया अ‍ॅक्वाटिक्स आणि वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या आशियाई व जागतिक जलक्रीडा संघटनांकडे भारताचा सदस्य तोच. म्हणून आमचा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. दहावीचे क्रीडागुण मिळाले तर चांगलंच, पण त्यासाठी तिचा हंगाम वाया जायला नको.

घाई यासाठी, की गेली काही वर्षं ज्युनिअर नॅशनल जुलै-ऑगस्टमध्ये होतेय आणि राज्य निवड त्याच्याही आधी. वय ३१ डिसेंबरला धरतात, हिचा जन्म डिसेंबरचा. त्यामुळे आपल्या गटात ती कायम लहानांतली. एक वर्ष हुकलं तर तिला ते जड जाईल.

महासंघाचा नोंदणी क्रमांक राज्य संघटनेमार्फतच काढायचा ना? पुण्यात आधी एखाद्या क्लबचं सदस्यत्व लागतं का, की पालक थेट अर्ज करू शकतात? तिचा जन्म सिंगापूरचा, नोंद भारतीय उच्चायोगात झालेली आहे. तो जन्मदाखला चालतो का? आधार अजून काढलेलं नाही, ते पोचल्यावरच होईल. इथलं ५० मीटर तलावातलं इलेक्ट्रॉनिक टायमिंग राज्य निवडीसाठी धरतात, की तिथे नव्यानेच पोहून दाखवावं लागतं? आणि एका शर्यतीला राज्य संघात किती जणांना घेतात?

तलावाचाही प्रश्न आहे. २०० बटरफ्लायची खरी परीक्षा शेवटच्या पन्नासात असते. २५ मीटरच्या तलावात दर लांबीला भिंत मिळते, पायांनी रेटा देऊन पुढे सरकता येतं. ५० मीटरमध्ये तो आधार निम्म्यावर येतो. खांदे भरून आले की हात पाण्याबाहेर निघत नाहीत आणि सगळी लय मोडते. त्याची सवय रोज पोहूनच होते. आम्ही कोथरूडला राहणार. बालेवाडीच्या ५० मीटर तलावात पहाटेची लेन कोणत्या बॅचला मिळते? शाळा सांभाळून हे कसं जमवता? मधल्या पल्ल्याच्या मुलांकडे नीट लक्ष देणारे कोच कोणाला माहीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा.

नियम वाचून काढलेत, पण कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं यात फरक पडतो. ज्यांची मुलं महाराष्ट्राकडून ज्युनिअर नॅशनल पोहली आहेत, त्यांनी जरूर लिहा. आखाती देशांतून किंवा इतर कुठून परतलेले पालक असतील तर फारच बरं. उच्चायोगातून एखादा कागद करून घ्यावा लागणार असेल तर तेवढं आधी सांगा, मार्चअखेरपर्यंत आम्ही इथेच आहोत.