पाणी आल्याचं कळायला हवं

सुनंदाताई, ए-१०४: पहाटे साडेचारला जाग आली ती गच्चीवरून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजाने. वरची टाकी वाहत होती, जिना ओला. पाच दिवसांनी आलेलं पाणी गटारात जाताना बघवत नाही ओ. वॉचमनमामांना कोणी बोलू नका, एकटा माणूस गेट बघणार की मोटर?

प्रसाद, बी-३०२: ताई, दोन्ही टाक्यांत सेन्सर बसवू या. वरची भरली की मोटर आपोआप बंद, खालची तळाला गेली की मोटर चालूच होत नाही, म्हणजे जळायची भीती नाही. फक्त रॉडवाले नकोत. आपल्याकडे बोअरचं जड पाणी मिसळतं, रॉडवर क्षार चढले की चुकीचं दाखवतात. फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारा, साधा असतो, पण टिकतो.

कुलकर्णी काका, ए-२०१: माझा पाठिंबा. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली २० नावं आली, त्यात महाराष्ट्रातली दोनच, पुणे आणि आपलं सोलापूर. आपण देशात नववे! किती आनंद झाला होता. नातवाला घेऊन होम मैदानावर जातो, त्या योजनेत चांगलं झालंय ते. पण ३१ मार्च २०२५ ला ती योजना संपली आणि उजनीचं पाणी आजही वार लावूनच येतं. बायका अजून रात्री उठून पिंपं भरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मेघा, बी-१०१: काका, माझं माहेर मलकापूर, कराडजवळचं. एवढंसं गाव, पण स्मार्ट सिटी हा शब्द यायच्या आधीपासून तिथं २४ तास पाणी. प्रत्येक नळाला मीटर, रीडिंग आपोआप घेणारा, आणि जास्त वापराला जास्त दर. आईच्या स्वयंपाकघरात पिंपच नाही, त्या जागी तिने शिलाई मशीन ठेवलंय. आपणही फ्लॅटवार मीटर लावू या ना?

कुलकर्णी काका, ए-२०१: फ्लॅटवार मीटर पटतो, पण घाई नको. एका घरात दोन माणसं, दुसऱ्यात आठ. माणशी ठरावीक पाणी मूळ दरात, त्यावर जादा दर, असं आधी सभेत ठरवू.

प्रसाद, बी-३०२: चालेल. स्विचची दोन कोटेशनं रविवारपर्यंत आणतो. पाणी आलं की मोबाइलवर मेसेज येणारं यंत्रही मिळतं.

सुनंदाताई, ए-१०४: मामांचा फोन बटणांचा आहे रे. त्यांच्या खोलीत भोंगा बसव. पाणी आलं की एकदा वाजू दे, टाकी भरली की दोनदा.

प्रसाद, बी-३०२: हो ताई, भोंग्यासकट कोटेशन घेतो.