मदत हवी आहे: एकाच घरात मुलीला आधार वाटतो, मुलाला वाटत नाही

नमस्कार मंडळी. मुलगा अकरावीत, मुलगी आठवीत. आम्ही दोघं नोकरी करतो, सासूबाई सोबत असतात. घरात भांडणतंटा म्हणावा असा काही नाही. पण परवा जेवताना मार्कांवरून विषय निघाला आणि मुलगा म्हणाला, "तुम्ही माझ्या बाजूने कधी नसताच." धाकटी लगेच, "काहीही हं दादा!" तिला खरंच कळेना तो कशाबद्दल बोलतोय.

मी दोघांसाठी करते ते जवळजवळ सारखंच. रात्री तिचा अभ्यास चालू असताना भाजी निवडत शेजारी बसले की ती म्हणते, "बस ना गं अजून." तीच मेथीची जुडी घेऊन त्याच्या खोलीत गेले की हा वहीवर हात आडवा ठेवतो आणि विचारतो, "काय हवंय?" तिला सोबत वाटते, त्याला पहारा.

नवरा म्हणतो, स्वभाव आहे, मीही असाच होतो. (सासूबाईंचं मत वेगळं आहे, ते इथे नको.) म्हणून थोडं वाचलं. 2004 सालच्या एका डच अभ्यासात आई, वडील आणि दोन किशोरवयीन मुलं अशा 288 कुटुंबांत प्रत्येकाला बाकीच्यांचा स्वभाव आणि त्यांच्याकडून मिळणारा आधार, दोन्हींबद्दल विचारलं होतं. सौम्य, जुळवून घेणाऱ्या माणसाला घरच्यांचा आधार जास्त जाणवतो, असं त्यात दिसलं. म्हणजे नवऱ्याचं अगदीच चूक नाही. पण आधार देणाऱ्याचा स्वभावही त्यात धरलाय, तेव्हा सगळं पोरावर ढकलून मोकळं होता येत नाही. आणि शेकडो घरांची सरासरी माझ्या घरात किती लागू पडणार?

तर, 'बाजूने असणं' म्हणजे त्याला नेमकं काय हवंय, हे उलटतपासणी न वाटता कसं काढून घ्यायचं? स्कूटरवर मागे बसला की तो जरा मोकळा बोलतो, समोरासमोर गप्प. झोप, जेवण, क्रिकेट, मित्र सगळं ठीक आहे, त्यामुळे समुपदेशकाकडे न्यावं की नाही ठरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर माहीत आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी आई-वडिलांपैकी कोणी तिथे फोन केलाय का? कसा अनुभव आला? दोन टोकाच्या स्वभावाची मुलं वाढवलेल्यांनी जरूर लिहा. 'मोबाईल काढून घ्या' सोडून काहीही चालेल.