‘निषिद्ध’, ‘प्रतिबंधित’ आणि ‘निर्बंधित’ : गावातील जमीन वापराच्या नियमांतील शब्द

प्रश्न

गावातील जमीन वापराच्या नियमांचा सोप्या मराठीतील गोषवारा ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. मूळ नियमांत वापरांचे दोन गट केलेले आहेत. एका गटातील वापर त्या क्षेत्रात कोणत्याही परिस्थितीत करता येत नाहीत, तर दुसऱ्या गटातील वापर ठरावीक अटी पाळून किंवा परवानगी घेऊन करता येतात. मसुद्यात मात्र या दोन्ही गटांना कुठे ‘प्रतिबंधित’, कुठे ‘निर्बंधित’, तर कुठे ‘मनाई असलेले’ असे म्हटले आहे. यांपैकी कोणता शब्द कोणत्या अर्थाने योजावा? तसेच ‘ना-विकास क्षेत्र’ या संज्ञेचा नेमका अर्थ काय, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

पहिल्या गटासाठी ‘निषिद्ध’ आणि दुसऱ्यासाठी ‘निर्बंधित’ हे शब्द घ्यावेत आणि ‘प्रतिबंधित’ हा शब्द या मजकुरातून पूर्णपणे काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘प्रतिबंध’ या शब्दाची व्याप्ती मराठीत फार सैल झाली आहे. रोगप्रतिबंधक लस रोग होऊ नये म्हणून आधीच घेतात. प्रतिबंधात्मक कारवाई गुन्हा घडण्यापूर्वी होते. म्हणजे या दोन्ही ठिकाणी ‘आधीच अटकाव करणे’ हा अर्थ आहे. प्रतिबंधित औषध म्हटले की पूर्ण बंदी कळते. पण २०२० मध्ये करोनाच्या साथीत ‘प्रतिबंधित क्षेत्र’ ही संज्ञा घरोघरी पोहोचली, तेव्हा त्या क्षेत्रातही अत्यावश्यक सेवेतील माणसांची ये-जा चालू होती. एकाच शब्दात पूर्ण बंदी, अंशतः मर्यादा आणि पूर्वदक्षता असे तीन अर्थ नांदत असतील, तर ज्या मजकुरावर एखाद्याच्या घराचे किंवा धंद्याचे भवितव्य अवलंबून आहे, तिथे तो वापरणे धोक्याचे आहे.

‘निर्बंध’ या शब्दाचा प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. संस्कृतात त्याचा प्रचलित अर्थ ‘आग्रह, हट्ट’ असा असून मल्याळममध्ये तो आजही ‘सक्ती’ या अर्थी वापरला जातो. मराठीत मात्र तो ‘मर्यादा घालणारा नियम’ या अर्थाने इतका स्थिरावला आहे की निर्बंध ‘शिथिल करणे’ आणि ‘कडक करणे’ हे प्रयोग आपण सहज करतो. जे शिथिल किंवा कडक होऊ शकते, ते कमी-अधिक प्रमाणाचे असते. मनाईला असे प्रमाण नसते. गोष्ट निषिद्ध असते किंवा नसते. दुसऱ्या गटासाठी ‘निर्बंधित’ योग्य ठरतो तो म्हणूनच.

‘निषिद्ध’ हा शब्द काहींना धर्मशास्त्राकडे झुकणारा आणि जड वाटेल. तसे वाटल्यास ‘बंदी असलेले वापर’ असे लिहावे. ‘बंदी’ हा गावाच्या तोंडचा शब्द आहे. हिवरे बाजारसारख्या गावांनी आपल्या जमिनीविषयी जे नियम स्वतःहून स्वीकारले, त्यांची नावेच चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी अशी आहेत आणि त्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

शब्द ठरवताना एक कसोटी लावावी : या वापरासाठी अर्ज करता येतो का? अर्ज करण्याची तरतूदच नसेल आणि तो मंजूर करण्याचा अधिकार कोणाही अधिकाऱ्याला दिलेला नसेल, तर तो वापर निषिद्ध. अर्ज करता येत असेल, तर तो निर्बंधित. या दोहोंत गल्लत झाली की ज्याला रीतसर परवानगी मिळाली असती तो अर्जच करीत नाही, आणि ज्याला ती मिळणे कायद्यानेच अशक्य आहे तो कोणाच्या तरी आश्वासनावर पैसे घालवून बसतो.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटते. मात्र दुसऱ्या गटाचेही दोन भाग करावे लागतील. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांच्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रांसाठी ज्या अधिसूचना निघतात, त्यांत कामांचे सामान्यतः तीन गट असतात : निषिद्ध, विनियमित आणि प्रोत्साहित. व्यापारी खाणकाम, दगडखाणी आणि खडी क्रशर, प्रदूषण करणारे नवे उद्योग हे पहिल्या गटात येतात. दुसऱ्यात वृक्षतोडीसारखी कामे येतात. पावसाचे पाणी साठवणे आणि सेंद्रिय शेती यांना तिसऱ्यात स्थान असते.

यांतील ‘विनियमित’ म्हणजेच ‘निर्बंधित’ असे समजू नये. ज्या वापराची मर्यादा नियमातच लिहिलेली आहे, उदाहरणार्थ इमारतीची उंची, बांधकामाचे क्षेत्र किंवा रस्त्यापासून सोडायचे अंतर, तो निर्बंधित. ज्याचा निर्णय सक्षम प्राधिकारी प्रत्येक प्रकरण तपासून घेतो, तो विनियमित. पहिल्यात नागरिकाला आपली बाजू स्वतः मोजून पाहता येते. दुसऱ्यात आदेशाची वाट पाहावी लागते. गोषवाऱ्यात हा फरक दाखवायचा असल्यास ‘मर्यादेत चालणारे वापर’ आणि ‘परवानगीने चालणारे वापर’ अशी साधी शीर्षके पुरेशी आहेत. ‘अनुज्ञेय’ (म्हणजे नियमाने करता येण्याजोगा) हा शब्द कायद्याच्या मजकुरात राहू द्यावा. ग्रामसभेपुढे वाचून दाखवायच्या कागदात तो नको.

प्रतिसाद ३

‘ना-विकास क्षेत्र’ या संज्ञेबद्दल अधिक विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण खरा घोटाळा ‘ना’पेक्षा ‘विकास’ या शब्दात आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ याची व्याख्या दिलेली आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा तिच्या वरच्या भागात केलेले इमारतीचे, अभियांत्रिकीचे, खाणीचे किंवा तत्सम काम, तसेच इमारतीत अथवा जमिनीत, किंवा त्यांच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल, हे सर्व त्या व्याख्येत येते. म्हणजे एकही वीट न रचता गोठ्याचे गोदाम केले, तरी कायद्याच्या भाषेत तो विकास ठरू शकतो. गावाच्या भाषेत विकास म्हणजे रस्ता, नळपाणी योजना, शाळा, दवाखाना. त्यामुळे ‘आपली जमीन ना-विकास क्षेत्रात गेली’ हे वाक्य ऐकणाऱ्याला आपल्या वाट्याची प्रगतीच नाकारली गेल्यासारखे वाटते, आणि त्याचा संताप स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात अशा क्षेत्रात काहीच चालत नाही असे नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार, ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल, तर समुद्रकिनारी भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूस ५० मीटरपर्यंत आणि अन्य ग्रामीण भागात २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते. त्या पट्ट्यातही शेती, बागायत, कुरणे, क्रीडांगणे चालतात आणि अस्तित्वात असलेल्या अधिकृत घरांची दुरुस्ती करता येते. तेव्हा कायद्याची संज्ञा बदलणे आपल्या हाती नसले, तरी गोषवाऱ्यात तिच्यापुढे ‘नवीन बांधकामास व वापरबदलास सामान्यतः मनाई असलेला भाग’ असा खुलासा लिहावा आणि लगेच चालणाऱ्या वापरांची यादी द्यावी. त्याच ओघात ‘फार्महाऊस’ हा शब्दही टाळावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील शेतावरील इमारत म्हणजे अवजारे, चारा, खते किंवा धान्य ठेवण्याची, गुरे बांधण्याची अथवा शेतकऱ्याच्या कुटुंबाची व गड्यांची राहण्याची जागा. सुट्टीत येऊन राहण्याचा बंगला नव्हे.

प्रश्नकर्त्याची पुढील शंका

मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी अजून उरतात. अनेकांच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांत, ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी नोंद आहे. ती जमीन ‘निर्बंधित’ म्हणावी का? शिवाय नियम लागू होण्यापूर्वीपासून रीतसर चालू असलेली पिठाची गिरणी किंवा लोहारकामाचे दुकान आता ज्या पट्ट्यात मोडते, तिथे तो वापर यादीत बसत नसेल, तर त्यास ‘बेकायदा’ म्हणायचे का?

प्रतिसाद ४

पहिल्याचे उत्तर : नाही, निदान या गोषवाऱ्यात तरी नाही. ती नोंद जमिनीच्या हस्तांतरणाविषयी आहे. विक्री, देणगी, गहाण यांवरचे ते बंधन आहे. जमिनीचा वापर कशासाठी करायचा, हा वेगळा प्रश्न आहे. भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतरित करता न येणाऱ्या, जमिनींनाही व्यवहारात ‘निर्बंधित सत्ता प्रकार’ असे म्हणतात, आणि तिथेही रोख मुख्यतः हस्तांतरणावरच असतो. त्यामुळे ‘निर्बंधित’ हा शब्द एकटा कधीच लिहू नये. दरवेळी ‘निर्बंधित वापर’ असे संपूर्ण लिहावे. सातबारा आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या क्षेत्रात मोडते ते सांगणारा कागद) हे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देणारे दोन कागद आहेत, हे एका वाक्यात सुरुवातीलाच नमूद करावे.

दुसऱ्यासाठी ‘विसंगत वापर’ हा शब्द सुचवतो. सुरू झाला तेव्हा जो वापर वैध होता, त्यास नव्या आराखड्याशी जुळत नाही एवढ्यावरून ‘बेकायदा’ किंवा ‘अनधिकृत’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण ‘अनधिकृत’ म्हटले की पुढे नोटीस, दंड आणि पाडकाम यांचा मार्ग खुला होतो. ‘पूर्वापार’ हा शब्द कानाला अधिक आपलासा वाटतो. पण त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क सूचित होतो आणि दहा वर्षांपूर्वी रीतसर सुरू झालेल्या गिरणीला तो लागू पडत नाही. ‘पूर्वीपासून वैध, आता विसंगत वापर’ हा शब्दप्रयोग लांब असला तरी तोच लिहावा. त्याखाली असा वापर वाढवता येतो का, आणि काही काळ बंद राहिल्यास पुन्हा सुरू करता येतो का, या दोन प्रश्नांची उत्तरे संबंधित नियमावलीतून पाहून द्यावीत; गिरणीच्या मालकाला त्या वेळी सर्वांत आधी हेच विचारायचे असते.