शब्दचर्चा : ‘नॅशनल बार्ड’ला मराठीत काय म्हणावं? राष्ट्रकवी, राजकवी, भाट की शाहीर?

मुलांच्या एका अंकासाठी स्कॉटलंडच्या ‘बर्न्स नाइट’वर लेख लिहिते आहे आणि पहिल्याच वाक्यात अडकले. ‘दर २५ जानेवारीला स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट बर्न्स या … ची … साजरी होते.’ दोन्ही रिकाम्या जागांत काय घालावं? तिकडे त्याला ‘नॅशनल बार्ड’ म्हणतात. नुसतं ‘द बार्ड’ म्हटलं तर इंग्लंडमध्ये शेक्सपिअर समजतात आणि स्कॉटलंडमध्ये बर्न्स. सहा वर्षं ग्लासगोजवळ राहिले, त्यामुळे हे शब्द तोंडात बसलेत. मराठीत आणायला गेलं की मात्र हातातून निसटतात. म्हणून ही चर्चा सुरू करतेय. मला सुचलं ते आधी मांडते.

‘बार्ड’ हा मुळात केल्टिक भाषांमधला शब्द. भाषेचे अभ्यासक त्याचं मूळ आपल्या संस्कृत ‘गृणाति’च्या कुळात शोधतात, म्हणजे स्तुती करणे, गाणे. शब्दकोश उघडला तर ‘भाट, चारण’ असे अर्थ सापडतात, पण मराठीत ‘भाट’ म्हटलं की पाठोपाठ ‘भाटगिरी’ येते. गंमत म्हणजे बार्डच्या वाट्यालाही हेच आलं होतं. पंधराव्या शतकातल्या एका स्कॉटिश कायद्यात बार्ड मंडळींना वेडाचं सोंग घेणाऱ्या आणि गावोगाव उंडारणाऱ्या लोकांच्या यादीत बसवलं आहे. पुढे त्यांच्या शब्दाला मान परत मिळाला, आपल्या ‘भाटा’ला मिळाला नाही. तेव्हा भाट बाद. शिवाय बर्न्सने कुणाचे पोवाडे गाऊन पोट भरलं नाही. तो कुळाने शेती करणाऱ्या घरातला होता, नंतर अबकारी खात्यात नोकरी करायचा आणि १७९६ साली सदतिसाव्या वर्षी गेला.

मग ‘राष्ट्रकवी’? आपल्याकडे हा शब्द किताबासारखा वापरला जातो. मैथिलीशरण गुप्त यांना तो गांधीजींनी दिला, कर्नाटकात कुवेंपूंना राज्याने दिला. बर्न्सला असं कुणी काही बहाल केलं नाही. १७८७च्या जानेवारीत एडिंबरात फ्रीमेसन या बंधुमंडळाच्या एका सभेत त्याच्या नावाने ‘कॅलेडोनियाचा (म्हणजे स्कॉटलंडचा) बार्ड’ म्हणून प्याले उंचावले गेले आणि तो थरथर कापत उत्तर द्यायला उभा राहिला, असं त्यानेच पत्रात लिहून ठेवलंय. एवढाच काय तो समारंभ. बाकी सगळं लोकांनी केलं.

सरकारी पद स्कॉटलंडमध्ये आहे, पण ते वेगळं. २००४पासून तिथे ‘मकार’ नेमतात. एडविन मॉर्गन पहिले मकार. ते आपल्याकडच्या ‘राजकवी’च्या जवळ जातं, यशवंत बडोदा संस्थानाचे राजकवी होते तसं. मला ‘मकार’ हा शब्द फार आवडतो. स्कॉट्स भाषेत त्याचा अर्थ ‘करणारा’, ‘घडवणारा’. सुतार पाट करतो तसा मकार कविता करतो. आपणही सहज म्हणतो, ‘ती कविता करते.’ आणि आपले तुकोबा नेमकं हेच नाकारतात: ‘करितो कवित्व म्हणाल हे कोणी, नव्हे माझी वाणी पदरींची.’

मी सध्या ‘लोकांनी मानलेला राष्ट्रकवी’ असं लिहून ठेवलंय. लांबतं, पण खोटं नाही.

आता दुसरी जागा. ‘जयंती’ लिहावं तर डोळ्यांपुढे येतो चौकातला पुतळा, हार, लाउडस्पीकर, पाहुण्यांची भाषणं. बर्न्स नाइट तशी नाही. ती जेवणाच्या टेबलावर होते. आणि आरंभ तर जयंतीने झालाच नव्हता! पहिलं जेवण झालं १८०१च्या जुलैमध्ये, त्याच्या पाचव्या पुण्यतिथीला. तो जिथे जन्मला त्या अ‍ॅलोवेच्या मातीच्या घरात (तोवर त्याचा गुत्ता झाला होता) नऊ जण जमले, हॅगिस (मेंढीचाच एक पदार्थ, पुढे सांगते) आणि मेंढीची मुंडी खाल्ली, त्याच्या कविता म्हटल्या. पुढच्या वर्षी ग्रीनॉक गावातल्या बर्न्सप्रेमींच्या मंडळाने वाढदिवसाला जेवण ठेवलं, तेही चुकून २९ जानेवारीला. जन्माची नोंद पाहिल्यावर २५ तारीख पक्की झाली. मराठीत जयंती आणि पुण्यतिथी हे दोन वेगळे शब्द असल्यामुळे हा बदल एका ओळीत सांगता येतो, याचं मला बरं वाटलं.

तेव्हापासून दोनशे वर्षांहून जास्त काळ हे जेवण चालू आहे. एका कवीसाठी दरवर्षी हे का, याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. ते शेजारच्या आजोबांच्या स्वयंपाकघरात मिळालं.

ते निवृत्त बस ड्रायव्हर. लहानपणी शाळेत घरची स्कॉट्स बोलले म्हणून त्यांनी हातावर चामडी पट्ट्याचे फटके खाल्ले होते. ‘नीट बोल’ म्हणजे इंग्रजीत बोल. जन्मभर ते फोनवर, दवाखान्यात, बँकेत ‘नीट’ बोलले. आणि २५ जानेवारीला मात्र घरातले नऊ-दहा जण दाटीवाटीने बसलेले असताना, ताटातल्या वाफाळत्या हॅगिससमोर उभे राहून, हातात सुरी धरून त्यांनी बर्न्सच्या हॅगिसवरच्या कवितेची, त्याच भाषेतली आठ कडवी पाठ म्हटली. ‘फेअर फा युअर ऑनेस्ट, सोन्सी फेस’ इथून सुरुवात. तिसऱ्या कडव्यात ‘हिज नाइफ सी रस्टिक लेबर डिख्ट’ आलं तसं त्यांनी सुरीचं पातं बाहीला पुसलं. ‘डिख्ट’ म्हणजे पुसणे. पुढच्या ओळीला सुरी आत गेली, आवरण टरकन फाटलं, वाफेचा लोट उठला आणि नातवंडांनी आरडाओरडा केला. ‘डिख्ट’ हा शब्द त्या पोरांनी कोशात कधी पाहिला नसेल. आजोबांच्या बाहीवरून त्यांना तो कळला. कवी वर्षातून एकदा असा घरात येतो, त्या रात्री भाषा कुणी दुरुस्त करत नाही. या एका कारणासाठी बर्न्सला दरवर्षीचा हा मान आहे आणि तो असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

हॅगिस म्हणजे काय हे विचारलं जाणारच: मेंढीचं काळीज, कलेजी, फोपसं बारीक चिरून, ओट्स, चरबी, कांदा, मिरपूड घालून मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरून शिजवतात. वजडी खाणाऱ्याला नवल वाटणार नाही. गरिबाघरचं अन्न. बर्न्सने ते स्तवनाचा विषय केलं आणि फ्रेंच रागू-फ्रिकासी खाणाऱ्यांना त्याच कवितेत नावं ठेवली. ‘अ‍ॅड्रेस टू अ हॅगिस’ या कवितेच्या नावातल्या ‘अ‍ॅड्रेस’लाही मी ‘स्तवन’च म्हणणार आहे. ‘सोन्सी’साठी मला ‘बाळसेदार’ सुचलाय. त्या शब्दाच्या मुळाशी गेलिक ‘सोनस’ आहे, म्हणजे भाग्य, आनंद. पुढे तो गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याला लागला. बाळसं धरलेलं पोर पाहून आपल्यालाही आधी घराचं बरं चाललंय हेच वाटतं ना.

प्रश्न आला आहे : स्कॉट्स म्हणजे वेगळ्या हेलातली इंग्रजीच ना? मग ‘भाषा’ का म्हणता?

स्कॉट्स आणि इंग्रजी या बहिणी आहेत, जुन्या इंग्रजीच्या एकाच घरातून निघालेल्या. गेलिक निराळी, ती केल्टिक. २०११च्या जनगणनेत स्कॉटलंडच्या १५ लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं सांगितलं, आणि २०२५च्या कायद्याने गेलिकसोबत स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा मिळाला. पण तुमचा प्रश्न खुद्द बर्न्सच्या काळातही होताच. १७८६ साली किल्मारनॉकला त्याचं पहिलं पुस्तक निघालं, ६१२ प्रती, किंमत तीन शिलिंग. त्याच्या नावातच ‘मुख्यतः स्कॉटिश बोलीत’ असं आहे आणि मागे त्याने शब्दांचे अर्थ जोडले आहेत. पुढच्या वर्षीच्या एडिंबरा आवृत्तीत ही यादी वाढवली. म्हणजे शब्दचर्चा त्यानेच सुरू केली!

एक ओळ जवळून बघू. १७८५च्या नोव्हेंबरात शेत नांगरताना उंदराचं घर फाळाखाली मोडलं. त्यावरच्या कवितेचा आरंभ: ‘वी, स्लीकिट, काउरिन, टिमरस बीस्टी’. माझं मराठी: ‘इवल्याशा, तुकतुकीत, अंग चोरणाऱ्या, भेदरट जिवा’. ‘काउरिन’ला ‘अंग चोरणारा’ इतकं चपखल बसलं की मी वही मिटून जरा वेळ नुसती बसले. ‘स्लीकिट’मध्ये मात्र तुकतुकीत आणि लबाड असे दोन्ही अर्थ आहेत, मला एकच आणता आला. ‘बीस्टी’तला शेवटचा ‘ई’ लाडाचा, आपल्या ‘पिटुकलं’मधल्या ‘उकलं’सारखा. बहिणाबाईंचा ‘खोपा’ आठवतो का? तोही शेतावरच्या बाईने पाहिलेला, घरच्या बोलीत सांगितलेला, आणि आपण तो प्रमाण मराठीत ‘सुधारून’ म्हणत नाही. तसंच इथे आहे.

दुसरा प्रश्न : हा माणूस जमैकाला गुलामांच्या मळ्यावर नोकरीला निघाला होता. त्याचा ‘गौरव’ करावा का?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. १७८६मध्ये त्याने जमैकाला जायचं ठरवलं होतं, मळ्यावर हिशेबनीस म्हणून. पुस्तक खपलं आणि जाणं राहिलं. ज्याने पुढे १७९५मध्ये ‘माणूस तो माणूसच’ या अर्थाचं गाणं लिहिलं, १९९९मध्ये स्कॉटिश संसदेच्या उद्घाटनाला जे गायलं गेलं, तोच हा माणूस. बायकांशी त्याचं वागणंही सरळ नव्हतं. स्कॉटलंडमध्ये हल्ली हे उघडपणे बोललं जातं, आणि बोलायची जागाही जेवणातच आहे. मुख्य भाषणाला तिथे ‘इमॉर्टल मेमरी’ म्हणतात. मी आधी ‘गौरवपर भाषण’ लिहिलं होतं, तुमच्या प्रश्नानंतर ते खोडलं. ‘मेमरी’ म्हणजे स्मरण, आणि स्मरणात सगळं येतं, गौरवात निवडक. ‘अमर स्मरण’ लिहिते आहे. दरवर्षी स्मरण होतं म्हणूनच दरवर्षी त्याला नव्याने प्रश्नही विचारता येतात.

त्याच्या बाजूची एक गोष्ट सांगते. एडिंबरात आल्यावर तो रॉबर्ट फर्ग्युसन या आपल्या आधीच्या स्कॉट्स कवीची कबर शोधत गेला. चोविसाव्या वर्षी हलाखीत मेलेला कवी, कबरीवर साधा दगड नव्हता. बर्न्सने स्वतःच्या खर्चाने दगड बसवून घेतला. बिल साडेपाच पौंड, फेडायला वेळ लागला, पण फेडलं. आधीच्या कवीचं स्मरण ठेवायचं, हे त्याने स्वतः करून दाखवलेलं आहे.

तिसरा : बर्न्सच्या ‘ऑल्ड लँग साइन’ या गाण्याच्या नावाचं मराठी? आणि ‘शाहीर’ का नको?

शब्दशः ‘जुनं-लांब-तेव्हापासून’. मराठीत ‘त्या जुन्या दिवसांखातर’ म्हणता येईल, ‘खातर’मुळे गाण्यातला आग्रह थोडा राहतो. धून तुम्ही ऐकलेली असणार. खडकवासल्याच्या एनडीएत दीक्षान्त संचलनाच्या शेवटी कॅडेट संथ पावलं टाकत क्वार्टरडेककडे जातात, तेव्हा बँडवर हीच वाजते. माझ्या भाच्याच्या वेळी शेजारी बसलेली त्याची आजी डोळे पुसत म्हणाली, ‘कसलं गं हे गाणं, माहेराहून निघाल्यासारखं वाटतंय.’ त्या माउलीला शब्द माहीत नव्हते, अर्थ बरोबर लागला होता.

आणि हे गाणं आपण एका म्हाताऱ्याच्या तोंडून उतरवून घेतलं, असं बर्न्स सांगतो. त्याने अशी शेकडो गाणी गोळा केली, डागडुजी केली, तुटलेली कडवी जोडली आणि जेम्स जॉन्सनच्या ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ या गाण्यांच्या संग्रहासाठी एक पैसाही न घेता दिली. त्या अर्थी ‘शाहीर’ बराच जवळ आहे, शब्दही ‘शाइर’ म्हणजे कवी यावरूनच आला. पण शाहिरासोबत डफ, तुणतुणं आणि फड येतो. बर्न्सच्या बाजूला नांगर आणि वही येते. ‘लोककवी’ म्हणावं का? मुलांना तोच पटकन कळेल असं आता वाटू लागलंय. पहिल्या वाक्यात ‘लोककवी’ घालते, आणि ‘राष्ट्रकवी’ पुढे, लोकांनी त्याला तसं का मानलं हे सांगताना. दुसऱ्या जागी ‘जयंती’च राहू दे. हार-पुतळ्याआधी तो शब्दही घरातलाच होता, रामजन्माच्या पाळण्याजवळचा.

शेवटची सूचना फारच कामाची.

हॅगिसच्या स्तवनात अखेरीस ‘स्किंकिंग वेअर’ येतं, लाकडी वाडग्यात ‘जॉप’ होणारं, म्हणजे हिंदकळणारं पातळ अन्न. मी ‘पाणचट’ लिहिलं होतं आणि ते मलाच पाणचट लागत होतं. तुम्ही ‘फुळकवणी’ सुचवलंत. आमच्या आजीचा शब्द, डाळ कमी पडलेल्या आमटीसाठी! इतकी वर्षं कुठे गेला होता कोण जाणे. आता शेवटचं कडवं असं झालंय, कुणाला ‘वाडगं’ऐवजी आणखी बरं भांडं सुचलं तर सांगा:

फुळकवणी नको या जुन्या मुलखाला,
वाडग्यात डुचमळणारं;
मनापासून दुवा हवा असेल त्याचा,
तर हॅगिस वाढा!