१९९५चा कायदा विसरू नका
वर एकांनी लिहिलंय की २०१६ आधी दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी कायदाच नव्हता. तसं नाही. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद होती. मात्र अपंगत्वाचे प्रकार मोजून ७, आणि डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, त्यात नव्हता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते प्रकार २१ झाले, तेव्हा तो आला.

हा फरक आमच्या घराने भोगलाय. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. धाकटा भाऊ १९९९ला सातवीत होता. तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं, वहीत मात्र 'कमळ'चं 'मकळ'. बाईंनी पानभर लाल रेघा ओढून खाली 'आळशी' लिहिलं. ती वही आईने अजून जपून ठेवलीय. सयाजीरावांनी १९०६ला संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावात माझ्या भावाने दहावीआधी शाळा सोडली. फार लागतं हे मनाला.

आता २०१६च्या कायद्याचं कलम १७ वाचा. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. घरी मराठी, बाहेर गुजराती, वर हिंदी-इंग्रजी अशा आपल्याकडच्या मुलांना ही सूट किती मोलाची! शाळेत अर्ज देताना हे कलम नावानिशी लिहा आणि पोच घ्या.